दगड हलवण्याआधी नाव उतरवून घ्या

प्रति,
सोलापूर शहरातल्या रुद्रभूमी, कब्रस्तानं आणि ख्रिस्ती दफनभूमी यांचे पंच, विश्वस्त आणि देखभाल पाहणारी सर्व मंडळी यांस,

शरणु शरणार्थी, सलाम, जय ख्रिस्त आणि नमस्कार.

गेल्या वर्षी आश्विन वद्य पंचमीला सकाळी सातच्या सुमाराला बेलाची पानं, विभूती आणि तेलाची बाटली घेऊन मी आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे लिंगायतांच्या दफनभूमीत, गेले. पणजोबांच्या समाधीपाशी पणती लावायची, एवढंच काम होतं. आमच्यात श्राद्ध करत नाहीत, पण या तिथीला तिथे दिवा लागला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. विहिरीच्या कठड्यापासून कडुनिंबाच्या रोखाने अकरा पावलं, मग डावीकडे चार, हा आमच्या घरातला पत्ता. अकरा पावलं चालले, डावीकडे वळले आणि उभीच राहिले. समोर नवा सिमेंटचा रस्ता होता, त्यावर ओली गोणपाटं अंथरलेली. समाधी नव्हती.

रस्ता करणाऱ्यांनी वाईट हेतूने काही केलं, असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीत खांदेकऱ्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतताना मी स्वतः पाहिलंय. रस्ता हवाच होता. पण त्या रस्त्याच्या आड आलेले दगड उचलताना कोणता दगड कुठून उचलला हे कोणी कागदावर लिहिलं नाही, मोबाइलवर एक फोटोही काढला नाही. दगड उचलून भिंतीकडेला एकावर एक रचून ठेवले होते. काहींची नावाची बाजू खाली होती, काहींची भिंतीकडे.

मी तीन दिवस तो ढीग पाहत होते. भाच्याला आणि त्याच्या दोन मित्रांना घेऊन एकेक दगड वळवला. आमचा तिसऱ्या दिवशी दुपारी सापडला. ओळखला तो नावावरून नाही, कारण नाव कानडीत आहे आणि आमच्या घरात कानडी बोलता सगळ्यांना येतं, वाचता कोणालाच येत नाही. ओळखला तो पणतीच्या खोबणीवरून. तळहाताएवढा कोरलेला नंदी, त्याच्या पुढे पणतीसाठी केलेली वाटीसारखी खोबण, आणि तिच्या तळाशी शंभर वर्षांच्या तेलाचा काळा थर. नखाने खरवडला तर मेणासारखा वर येतो. खोबणीची उजवी कड उडालेली आहे. ती माझ्या वडिलांच्या हातून लहानपणी उडाली होती, आणि त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला होता, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दगड सापडला. जागा सापडली नाही. आमच्यात माणसाला आडवं निजवत नाहीत. हातात त्याचं इष्टलिंग, म्हणजे जन्मभर अंगावर बाळगलेलं लहान लिंग, देऊन, विभूती लावून, ध्यानाला बसवावं तसं बसवतात. माझे पणजोबा त्या जमिनीखाली बसलेले आहेत आणि आता आपण कोणाच्या डोक्यावरून चालतोय हे मला कळत नाही. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगायला मला आठ दिवस लागले. ते ८२ वर्षांचे आहेत. त्यांनी एकच विचारलं, ‘तोंड कुठल्या दिशेला होतं, ते तरी आठवतंय का कोणाला?’

तेही आठवत नाही. का आठवत नाही, ते सांगते, कारण हे फक्त आमच्या घरापुरतं नसणार.

समाधीचा पत्ता आमच्याकडे पुरुषांकडून पुरुषांकडे गेला. बायकांना लहानपणी तिथे नेत नसत. अप्पांनी तो अण्णाला दाखवला, माझ्या थोरल्या भावाला. अण्णा दर वर्षी जायचा, गवत काढायचा, दगड पाण्याने धुवायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेला. त्याच्या मागून मी जायला लागले ती अप्पांनी तोंडी सांगितलेली पावलं मोजत. मला नेमकी खूण ठाऊक होती ती एवढीच. आजूबाजूच्या समाध्या कोणाच्या, शेजारचा मोठा कट्टा कोणत्या घराण्याचा, हे अण्णाला पाठ होतं. ते त्याच्याबरोबर गेलं.

आणि त्याच अण्णाची जागा मात्र मला आज अंधारात नेलं तरी सापडेल. त्या दिवशी आम्हाला फाटकाबाहेरच थांबवलं होतं. आत खड्डा काढणाऱ्या मामांनी पांढऱ्या पोशाखात घामाघूम होऊन सगळं उरकलं आणि संध्याकाळी माझ्या भाच्याच्या मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एकात ताजी माती आणि तिच्यावर खडूने आकडा लिहिलेला दगड. दुसरा जरा लांबून, मागची भिंत, विजेचा खांब आणि पाण्याची टाकी दिसेल असा. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, घरच्यांनी पाहिलं नाहीये, त्यांना कळायला हवं. त्या दोन फोटोंमुळे अण्णा आम्हाला हरवला नाही. मला आपल्याकडून जे हवंय ते एवढंच आहे, फक्त ते सगळ्यांसाठी हवंय.

पणजोबा १९१८ च्या मानमोडीत गेले. पुस्तकात त्याला इन्फ्लुएन्झा म्हणतात, आमच्या आजी मानमोडीच म्हणायच्या. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर ती साथ जूनमध्ये मुंबईला उतरली, सप्टेंबरमध्ये पुन्हा उसळली आणि ऑक्टोबरात इलाख्यातल्या गावोगावी घरं ओस पडली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता, म्हणजे लोक आधीच अर्धपोटी. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली असं मानतात. या साथीची रीतच उलटी होती. म्हातारी माणसं राहिली आणि वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसं गेली. पणजोबा २८ वर्षांचे होते. अक्कलकोटाकडच्या खेड्यातून येऊन जुन्या मिलमध्ये साच्यावर लागले होते, १८७७ साली सुरू झालेल्या त्याच मिलमध्ये जिच्या भोंग्यावर अर्ध्या सोलापूरचं घड्याळ चालायचं. पणजी त्यांच्यामागून नऊ दिवसांनी गेल्या. त्यांच्या नावाचा दगड कधी बसलाच नाही. बसवायला घरात कोणी उरलं नव्हतं. माझे आजोबा तेव्हा चार वर्षांचे होते, त्यांना आत्याने कुंभार वेशीतल्या खोलीत वाढवलं. पुढे कमवायला लागल्यावर त्यांनी वडिलांचा दगड घडवून घेतला. आईची जागा विचारायला गेले तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं. एका पिढीत ती जागा हरवली. पणजोबांची हरवायला शंभर वर्षं लागली, एवढाच फरक.

दगडावरचं लेखन बाळीवेशीत राहणाऱ्या, कानडी शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी फोटोवरून वाचून दिलं. नाव, वडिलांचं नाव, आणि खाली ‘काळयुक्त संवत्सर, आश्वीज बहुळ पंचमी’. आश्वीज बहुळ म्हणजे आपला आश्विन वद्य. शक नाही, इसवी सन नाही. संवत्सराचं नाव साठ वर्षांनी परत येतं, म्हणून नुसत्या दगडावरून ते १८५८ही असू शकतं आणि १९७८ही. घरातली मानमोडीची आठवण होती म्हणून १९१८ ठरलं, शके १८४०. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, चैत्र पाडव्याच्या आधीचे जानेवारी ते मार्च हे दिवस असतील तर ७९. ज्या घरात आठवण उरलेली नाही, त्यांना हे साधं गणितही कोणी सांगितलेलं नसतं, आणि ते दगडासमोर उभे राहून परत जातात.

आपल्या शहरात तर एकेका दफनभूमीत काळ वेगळ्या भाषेत लिहिलेला आहे. रुद्रभूमीत काळयुक्त संवत्सर, कब्रस्तानात हिजरी १३३७, जे १९१८ च्या ऑक्टोबरातच सुरू झालं, आणि ख्रिस्ती दफनभूमीत सरळ नोव्हेंबर १९१८. तीन भिंतींच्या आत एकाच साथीची माणसं आहेत. कानडी, मोडी, उर्दू, तेलुगू, इंग्रजी, मराठी या सगळ्या लिप्या वाचणारी माणसं अजून या एका शहरात आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढची. मला घाई वाटते ती यासाठी.

मग मी जुन्या मृत्यूनोंदीच्या वहीत शोध घेतला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे कोणालाही नोंदीचा शोध घेऊन दाखला मागता येतो, हे मला आधी ठाऊक नव्हतं. वहीतलं पान मोडीत. मोडी वाचणारे आता मिळतात, कारण २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरं उघडली गेली आणि ती लिपी जाणणाऱ्यांना पुन्हा किंमत आली. नोंद सापडली. नाव, वय २८, पेठ, कारणाच्या रकान्यात ‘ताप’. त्या पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. पान उलटलं तरी तेच. नऊ दिवसांनंतरच्या पानावर पणजीही सापडल्या, ‘अमुकची बायको’ अशा. त्यांचं स्वतःचं नाव त्या रकान्यात नाही.

पण त्या वहीत पुरलं कुठे हे नाही. आजच्या मृत्यूच्या दाखल्यावरही मृत्यूचं ठिकाण असतं, दफनाची जागा नसते. कायद्याने दफनभूमी सांभाळणाऱ्यावर मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकली आहे, कोणाला कोणत्या ओळीत ठेवलं हे लिहिण्याची नाही. म्हणजे माणूस गेल्याचा कागद सरकारकडे मिळेल, माणूस कुठे आहे याचा कागद फक्त आपल्याकडे असू शकतो. आपण तो केला नाही तर तो कुठेच नाही. म्हणून हे पत्र मी सरकारी कचेरीला न लिहिता आपल्याला लिहितेय.

जागा अपुरी आहे, हे मला मान्य आहे. शहर वाढलं, भिंती तिथेच राहिल्या. जुन्या जागी नवा खड्डा काढावाच लागतो, सगळ्याच समाजांत तो काढला जातो आणि त्यात गेलेल्याचा अपमान आहे असं मला वाटत नाही. मी समाध्या जपून ठेवा म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुस्लिम घरात कबरीवर पक्कं काही बांधायचंच नाही अशी श्रद्धा आहे, नुसता मातीचा उंचवटा. त्यांच्या श्रद्धेलाही वहीतली ओळ पुरते. जमिनीवर काही नको, वहीत असू द्या.

आमच्या समाजातले एक ज्येष्ठ मला म्हणाले, ‘लिंगैक्य झालेल्याचं, म्हणजे गेलेल्याचं, मातीत काय उरतं? आपण स्थावराला मानणारे नव्हे, जंगमाला मानणारे.’ मला ते म्हणणं पटतं. पण दगड स्थावर असला तरी नाव तर जंगमच की. ते घरातून घरात, तोंडातून तोंडात जातं. ते चालतं राहावं म्हणून तर मी धडपडतेय. आणि हे गाव नुसतं दगडावर विसंबून कधी नव्हतंच. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, यांनी गावाभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं आठ-नऊशे वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहेत. कारण दर संक्रांतीच्या आधी नंदीध्वज खांद्यावर घेऊन माणसं त्या अडुसष्ट ठिकाणी चालत जातात, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणत. कोणत्या गल्लीतून वळायचं हे मानकऱ्यांच्या घरात लेकराला चालताचालता कळतं. खुद्द सिद्धेश्वरांची समाधी तर तळ्याच्या मधोमध, सगळ्या शहराच्या मध्यावर आहे. अशा गावातल्या साच्यावरच्या माणसाला, विडी वळणाऱ्या बाईला, हमालाला वहीतली एक ओळ मिळायला हवी.

आता मागणी.

यापुढे रस्ता, भिंत, फरशी, झाडलोट, कशासाठीही एकही दगड हलवण्याआधी त्याचा जागेवर फोटो घ्या. एक जवळून, अक्षरं दिसतील असा. एक लांबून, विहीर, झाड, खांब, फाटक असं काही न हलणारं त्यात येईल असा. दगडाला आकडा द्या, तो खडूने नाही, मागच्या बाजूला टिकेल असा. फाटकापासून आणि भिंतीपासून टेपने अंतर मोजून वहीत लिहा. आकडा, नाव, साल, कोणत्या लिपीत आहे, अंतर, एवढं पुरे. न वाचता आलेल्या दगडापुढे ‘वाचायचा आहे’ असं लिहा, पण तो गाळू नका. वहीची एक प्रत दफनभूमीत ठेवा आणि एक दुसऱ्या जागी, मंदिरात, मशिदीत, चर्चमध्ये, जिथे वाळवी आणि पाणी लागणार नाही अशा कपाटात.

दगड उजळवण्यासाठी ॲसिड, तारेचा ब्रश, ऑइलपेंट यातलं काहीही वापरू नका. माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडचा काळा पाषाण टणक असतो, त्यावर शेवाळ चढतं पण अक्षर टिकतं. शहाबादी फरशीवर कोरलेलं मात्र फार नाजूक असतं. तिचे पापुद्रे सुटतात आणि एका जोराच्या घासण्यात अख्खं नाव निघून येतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश बास. अक्षर पुसट असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना जा. तिरप्या उन्हात खोल रेघांमध्ये सावली पडते आणि दुपारी कोरा वाटणारा दगड बोलायला लागतो. ऊन नसेल तर बाजूने बॅटरी धरा. गुरुजींनी आमच्या दगडावरचं ‘काळयुक्त’ असंच वाचलं, भाच्याने जमिनीलगत धरलेल्या मोबाइलच्या उजेडात.

भिंतीकडेला रचलेल्या दगडांचं नाव वर करा. त्यांची जागा गेली ती गेली, पण निदान ते ओळीने उभे असले तर कोणाचं तरी नातवंड येऊन ओळखेल. मी तीन दिवसांत ४७ दगड वळवले. त्यांतल्या ३१ दगडांवर वाचण्यासारखं काहीतरी आहे. हे ३१ फोटो माझ्याकडे आहेत, मागतील त्या पंचांना मी देईन.

आणि सगळ्यात आधी, वहीच्याही आधी, खड्डा काढणाऱ्या आणि राखण करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा. त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. आमच्या मामांच्या वडिलांना म्हणे आख्खी रुद्रभूमी तोंडपाठ होती. कोणत्या खड्ड्याला खडक लागला, कुठे माती ढिसाळ, कोणत्या घराचे कोण कुठे. त्यांना कधी कोणी विचारलं नाही. मामांना निम्मं येतं. मामांच्या मुलाने हे काम घेतलेलं नाही, तो चादरीच्या कारखान्यात जातो. मामांना शेजारी खुर्ची द्या, चहा द्या, त्या दिवसाची मजुरी द्या आणि त्यांच्याबरोबर एकेक ओळ चाला.

खर्चाचं म्हणाल तर एक वही, एक टेप, एक मोबाइल आणि काही रविवार. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना हाक मारली तर मुलं येतील.

डॉक्टर कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९१० साली इथे जन्मले, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांना तिथल्या एका खेड्यात पुरलं होतं, नंतर त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवली. हलवली, पण ती कोणाची आहे हे हलवणाऱ्यांनी नीट लिहून ठेवलं. म्हणून इतक्या वर्षांनीही तिथे त्यांच्या नावापुढे फुलं ठेवली जातात. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोरून जाताना मला आता दर वेळी हे आठवतं. परक्या मुलखात आपल्या माणसासाठी झालं ते आपल्या वेशीच्या आत आपल्याला नक्की जमेल.

आमच्या रुद्रभूमीच्या पंचांना मी वेगळं भेटले आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी फाटक उघडून द्यायचं कबूल केलंय. सकाळी साडेसहाला, ऊन तिरपं असताना, विहिरीपासून सुरुवात करू. गुरुजी येतील, मोडी वाचणारे गृहस्थ येतील, मामा येणार आहेत. अप्पांना चालवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कडुनिंबाखाली खुर्ची टाकायची आहे. त्यांना आठवतंय की लहानपणी समाधीपुढे उभं राहिलं की सकाळचं ऊन उजव्या गालावर यायचं. त्यावरून काही ठरतं का, ते आम्ही त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहणार आहोत. ज्या पंचांना, विश्वस्तांना आपल्या दफनभूमीत हे करायचं असेल त्यांनी त्या दिवशी या. येताना एक कोरी वही आणा.

आपली,
बाळीवेशीतली एक लेक